वायरमन

दहा-वीस सर्व्हिसेस एकमेकींना जोडून चालवलेलं ॲप्लिकेशन जिथे आहे, तिथे हा माणूस असतोच. हिंजवडीत तर मजल्यागणिक एक. कोड लिहिणं त्याने कधीच सोडलंय. तो कॉन्फिग लिहितो. दुसऱ्यांनी केलेले कंपोनंट घ्यायचे, कुणाला काय लागतं ते बघायचं आणि गाठ मारून द्यायची. काहीही बिघडलं की याचा पहिला प्रश्न, "वायरिंग बघितलंस का?" म्हणून पाठीमागे सगळे त्याला वायरमन म्हणतात. हे त्याला ठाऊक आहे, आणि मला वाटतं, आवडतंही.

दुसरं पालुपद, "कोडला हात लावायचा नाही हं!" पेमेंटची सर्व्हिस दुसऱ्या सर्व्हरवर गेली? फायलीत पत्ता बदला, प्रोग्रॅम जिथल्या तिथे. 2007 साली एससीएचं, म्हणजे सर्व्हिस कंपोनंट आर्किटेक्चरचं, 1.0 स्पेसिफिकेशन आलं, तो याचा सुवर्णकाळ. कंपोनंट जे देतो ती सर्व्हिस हिरवी, त्याला जे लागतं तो रेफरन्स जांभळा, मध्ये वायर, आणि सगळ्यांभोवती कंपोझिटची चौकट. ते चित्र तो आजही कुणी न विचारता बोर्डावर रंगीत मार्करने काढतो. पोरं माना डोलावतात, टेबलाखाली मोबाइल बघतात.

"सर, आता ऑटोवायर आहे की. आपोआप जुळतं."

"पळून जाऊन केलेलं लग्न ते! एकीला दोन स्थळं आली की तुमचं ऑटोवायर हात वर करतं. मग येता माझ्याकडे."

येतातच. रिलीजच्या रात्री टेस्टिंगला गुण्यागोविंदाने चाललेलं सगळं प्रॉडक्शनवर आडवं होतं. नेटवर्कवाले डेटाबेसवाल्यांकडे बोट दाखवतात, डेटाबेसवाले जेवायला गेलेले असतात. हा चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनला नाक लावून प्रॉपर्टीची फाइल उघडतो आणि पत्त्यावरून माउस सावकाश ओढत नेतो. अक्षरं संपतात, तरी निळा पट्टा एक घर पुढे सरकतो.

"दिसलं?"

पत्त्याच्या शेवटी एक स्पेस. मेलमधून उचलून चिकटवताना आलेली. ती कुणी चिकटवली, हे तो कधीच विचारत नाही. ज्याने चिकटवली तो शेजारीच लाल कान घेऊन उभा असतो. एकदा बॅकस्पेस, सर्व्हर रीस्टार्ट, ऑर्डर पुढे सरकते. चार तास पाच टीमा जागवणाऱ्या त्या दुरुस्तीपुढे तो नोंद करतो: किरकोळ बदल.