बॅकअपमीमांसा

व्याख्या. मूळ फाइल गेल्यावर जी हाती लागते, ती बॅकअप. मूळ धडधाकट असताना कपाटात जी नुसती पडून असते, ती बॅकअपवरील श्रद्धा.

भेद. श्रद्धावंत त्रिविध होत. पहिले निकटवादी: लॅपटॉप आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच बॅगेत ठेवतात, चोराला दुसरी खेप पडत नाही. दुसरे प्रतिबिंबवादी: 'सगळे क्लाउडला सिंक आहे' म्हणून निर्धास्त असतात, फोनवर पुसलेला फोटो तिथूनही पुसला जातो, हे त्यांना नंतर कळते. तिसरे संकल्पवादी: 31 मार्च या जागतिक बॅकअप दिनाची वाट पाहतात, पण तीच आपल्या आर्थिक वर्षाची अखेर असल्याने संकल्प पुढच्या वर्षावर जातो.

सूत्र. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत घराबाहेर. हा 3-2-1 नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. वेदांच्या घनपाठात पदे 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 अशी म्हणतात. तेव्हा हा शोध मुळात आपलाच, असे सिद्ध करण्याचा मोह प्रस्तुत लेखकाने मोठ्या कष्टाने आवरला आहे.

पूर्वपक्ष. प्रती भरपूर असल्यावर तपासायच्या कशाला?

खंडन. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या व्यवस्था अनेक होत्या. पैकी रोजचा डम्प प्रोग्रॅमची आवृत्ती न जुळल्याने मुकाट फसत होता. तो जिथे साठायचा ती जागा रिकामी निघाली. आणि फसल्याची सूचना देणारे ईमेल कोणाला पोचतच नव्हते. तारले ते एका कर्मचाऱ्याने सुमारे सहा तास आधी भलत्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीने. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

सिद्धान्त. नुसत्या प्रतीवर विसंबू नये, हे एकनाथांनी जाणले होते. म्हणून शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. संगणकात हेच काम चेकसम करतो: मूळ आणि प्रत यांचे आकडे जुळले, तर पाठ शुद्ध. पण अंतिम प्रमाण रिस्टोअर हेच, आणि तेही दुसऱ्या संगणकावर.

विधी. वाचकहो, आज बॅकअपमधली कोणतीही एक जुनी फाइल दुसरीकडे उघडून पाहा. न उघडल्यास शास्त्राला दोष देऊ नका. मूळ जिवंत आहे तोवर नवी प्रत घ्या.