वाकून बघा!

कॅलिपरकाका तुमच्याही सोसायटीत असणारच. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवलेली, पुढचं चाक काढून ठेवलेलं आणि काका स्वयंपाकघरातून पळवलेल्या पाटावर बसलेले. हातात तारेचा ब्रश, डोळ्यांवर नातवाचा पोहण्याचा गॉगल. तुम्ही दूध आणायला निघालात की हाक येते, ‘जरा वाकून बघा.’

बघावंच लागतं. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून गाडी थांबवणारा तो ओबडधोबड कॅलिपर आता लालभडक झालेला असतो. इटलीच्या ब्रेम्बोचा असा लाल कॅलिपर फेरारीवर शोभतो. काकांची वॅगन-आर आहे. पत्र्याचं रिम, वर प्लॅस्टिकची व्हील कॅप. चाक बसवलं की लाल रंग गुडूप! मग काका टॉर्च आणतात. ‘या फटीतून... अजून थोडं वाका.’ मागच्या चाकांना तर कॅलिपर नाहीतच, ड्रम आहेत. म्हणून त्यांनी ड्रमही रंगवलेत. तेही वाकूनच बघायचे.

काम मात्र चोख. रबरी बूट, हवा काढायचं निपल, पॅड सरकतात त्या जागा, सगळीकडे आधी मास्किंग टेप. गाइड पिनांना सिलिकॉन ग्रीसच, कारण साध्या ग्रीसनं रबर फुगतं. सोडवलेला कॅलिपर होजवर लोंबकळू द्यायचा नाही, म्हणून तो काकूंच्या हँगरच्या तारेनं टांगलेला. एकदा ब्रेक ऑइलची बाटली कलंडली. ते ऑइल रंग खातं. ताजा लाल थर सुरकुतून सोलून निघाला. त्या रविवारी कुणालाही वाकावं लागलं नाही.

हवा काढायला दुसरा माणूस लागतो. ते खातं काकूंचं. ‘दाब... दाब... धरून ठेव, सोडू नकोस!’ हे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. काकूंना गाडी चालवता येत नाही, पण पेडल मऊ लागलं की ‘अजून हवा आहे’ हे त्याच आधी सांगतात.

दिवाळीत शेजारची मुलगी ताम्हिणीमार्गे कोकणात निघाली होती. आदल्या संध्याकाळी काकांनी न विचारताच तिच्या गाडीचं चाक उतरवलं. बाहेरचं पॅड भरपूर शिल्लक, आतलं पार पत्र्यापर्यंत झिजलेलं. पिन जाम! रात्री उशिरापर्यंत खपून त्यांनी पिन मोकळी केली, दोन्हीकडे नवे पॅड घातले, पैशाचं नावही काढू दिलं नाही. कॅलिपर लाल करून दिला तो मात्र तिनं मागितला नव्हता.

यंदा मुलानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. पाय उचलला की मोटरच तिचा वेग कमी करते आणि बॅटरीही भरते. ‘बाबा, ब्रेकला आता कामच नाही,’ तो कौतुकानं म्हणाला. काकांचा चहा कपातच निवला.

जरा वेळानं ते खाली गेले, डिस्कवरचा तांबूस थर बोटानं पुसला आणि जवळजवळ ओरडलेच, ‘बघ, वापर नाही म्हणून गंज! अशानं पिना जाम होतात. पावसाळा संपला की हे उघडायलाच हवं. रविवारी ये. आणि रंग कोणता हवा ते ठरवून ये.’