अर्थलाव्या

परक्या बाईच्या पदराकडे टक लावून बघणारा साठीपुढचा गृहस्थ आपल्याकडे खपवून घेतला जातो, याला कारण एकच. त्याच्या हातात भिंग असतं. भिंग दिसलं की लोक समजतात, अभ्यासक असावेत. कळलाव्या निदान दोघांत भांडण लावून निघून तरी जातो. अर्थलाव्या जात नाही. पदरावरच्या मोराचा अर्थ तुम्हाला पटेपर्यंत तो उभा राहतो, आणि पटला की चोचीत साप का आहे तिकडे वळतो.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर असे एक काका आहेत. आयुष्यभर त्यांनी सरकारी हिशेब तपासले. प्रत्येक व्हाउचरवर ‘प्रयोजन’ नावाचा रकाना असे आणि तो रिकामा दिसला की काकांच्या घशाखाली डबा उतरत नसे. निवृत्तीनंतर व्हाउचरं संपली, रकाना राहिला. आता तो त्यांनी जुन्या भरतकामातल्या पशुपक्ष्यांपुढे ठेवलाय. विनाप्रयोजन हत्ती त्यांना मंजूर नाही. कमळ म्हणजे विश्वाची उत्पत्ती, मासा म्हणजे सुफलता, वेल असेल तर वंशवेल. कारागिराने कोपरा रिकामा दिसतो म्हणून एखादं पान टाकलं असेल, ही शक्यता ते विचारातच घेत नाहीत.

लग्नात काका जेवायच्या आधी रुखवत बघतात. मागे एका लग्नात ताटावरच्या रुमालावर क्रॉसस्टिचचे दोन पोपट होते. काकांनी भिंग लावलं आणि वराच्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शुक! कामदेवाचं वाहन. मुलीने फार धीट संदेश दिलाय.” वराचे वडील गोरेमोरे झाले. वधूची मावशी मात्र भाजीवाल्याशी बोलावं तसं म्हणाली, “अहो, कसला संदेश? पुस्तकात मांजरं होती. पण हिरवा दोरा उरला होता माझ्याकडे.”

काका खचले नाहीत. मांजर हा शब्द त्यांना पुरला. कारण मांजरावर त्यांच्याकडे हुकमी गोष्ट आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती खरीही आहे. स्कॉटलंडची राणी मेरी ही इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या कैदेत होती. वेळ जायला ती भरतकाम करी. चित्रं घ्यायची ती कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाच्या प्राण्यांच्या पुस्तकातून. त्यातलं मांजर तिने भरलं ते तांबूस रंगात, आणि समोर एक उंदीर सोडला. एलिझाबेथचे केस तांबडे होते. उंदीर कोण, हे भरणारीला सांगायची गरज नव्हती. याच मेरीने नॉरफोकच्या ड्यूकला एक उशी पाठवली. तिच्यावर द्राक्षवेल आणि ती छाटणारा हात, म्हणजे निष्फळ फांदी कापा आणि फळणारी वाढू द्या. 1572 साली ड्यूकवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ही उशीही पुढे आली. त्याच वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. उशीशिवाय इतर पुरावे पुष्कळ होते, पण काका ते सांगत नाहीत. “उशी माणूस डोक्याखाली घेतो,” ते म्हणतात, “ही डोक्यावर बेतली!” आणि पुढच्या पंगतीला बसतात.

अर्थलाव्याची अडचण अशी, की अधूनमधून तो बरोबर निघतो. शंभरात पाच वेळा सापडलेल्या अर्थावर उरलेल्या पंचाण्णवांची उधारी चालते. चीनमध्ये तर भरतकामातल्या पक्ष्याला सरकारी हुद्दाच होता. छिंग राजवटीत मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर भरलेला चौकोन असे. क्रौंच म्हणजे पहिला दर्जा, रानहंस चौथा, लावा पक्षी आठवा. लष्करी अधिकाऱ्यांना पक्ष्यांऐवजी पशू. काकांना ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण तिथे कुठलाही रकाना रिकामा नाही. मोर फक्त तिसऱ्या दर्जाचा, हे मात्र त्यांना अजून सहन होत नाही. “सरस्वतीचं वाहन, आणि क्लास थ्री?”

काकूंचं माहेर धारवाडचं. त्या कसुती भरतात. म्हणजे काका अर्थ लावतात त्या जिनसा त्यांच्याच घरात, खिडकीशी बसून तयार होतात. कसुतीत कापडावर चित्र काढायचं नसतं. दोरे मोजत जायचं, गाठ मारायची नाही. इरकलीवर किंवा काळ्या चंद्रकळेवर हत्ती, रथ, गोपुरं, तुळशीवृंदावन, सगळं मोजून. एक दोरा चुकला की मोराचा कोंबडा होतो. त्यामुळे काकू भरताना बोलत नाहीत. काका मात्र त्या वेळी खास बोलतात. एकदा मी चहाला गेलो होतो तेव्हा विषय होता हत्तीचं तोंड. हत्ती डावीकडे बघतोय, म्हणजे तो निघालाय. गज म्हणजे लक्ष्मी. सबब ही घरातून निघालेली लक्ष्मी आहे आणि असं कापड नवरीला देणं योग्य नाही. काकांनी त्यावर दहा मिनिटं घेतली. मग हत्तीचे पाय ताठ का, तर ते धर्माचे चार स्तंभ आहेत म्हणून, हेही झालं.

काकूंनी मोजत होत्या तेवढे दोरे मोजून संपवले, सुई टोचून ठेवली आणि कापड उलटं केलं.

“हे बघा की. आली लक्ष्मी परत.”

कसुतीतला गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मागच्या बाजूला हत्ती उजवीकडे बघत होता. “आणि पाय ताठ असतात,” काकू म्हणाल्या, “कारण टाका वाकत नाही. आडवा जातो, उभा जातो, तिरका जातो. गुडघा कुठनं आणू?” काकांनी चहा प्यायला. बशी ठेवताना म्हणाले, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणं हे अद्वैत होय.

पण काकांचा खरा कस लागला तो दादरच्या पारशी कॉलनीत. कुणाच्या तरी ओळखीने एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे आम्ही त्यांच्या आजीचा गारा बघायला गेलो. एकोणिसाव्या शतकात जमशेटजी जिजीभायांसारखे व्यापारी अफू आणि कापूस घेऊन कँटनला जात आणि येताना तिथलं भरलेलं रेशीम आणत. पुढे त्याच्या साड्या झाल्या, तोच गारा. बाईंनी मलमलीतून जांभळी साडी उलगडली आणि काका क्षणभर खरोखर गप्प झाले. माणूस बनचुका असला तरी डोळे चांगले होते. चिनी कारागिरांनी भरलेल्या पाकळ्यांवर रंग इतका हलका बदलत गेला होता की टाका कुठे संपतो ते भिंगातूनही कळेना.

मग ते भानावर आले. पदरभर लहानमोठे गोल विखुरलेले होते. “ग्रहमंडल,” काका म्हणाले. “चिनी लोकांचा खगोलशास्त्रात हातखंडा होता.”

“अरे डिकरा, कसला ग्रह?” बाई म्हणाल्या. “ए तो कांदा-पपेटा!”

कांदे-बटाटे. पारशिणींनी या नक्षीला दिलेलं हे रीतसर नाव आहे. समुद्रापलीकडून आलेल्या त्या नाजूक नक्षीकडे बघून त्यांना दुपारची भाजी आठवली आणि ते नाव टिकलं. कुठल्या कोंबडा-कोंबडीला मरघा-मरघी, चिमण्यांना चकला-चकली. चिनी माणसं, पूल, पागोडे असतील तर चीना-चीनी. मला हे नामकरण सगळ्या प्रतीकशास्त्राहून आवडतं. जिने साडी नेसायची तिने तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात ओढून आणली.

काकांनी कांदा गिळला. पण शेजारची नक्षी दाखवून बाई म्हणाल्या, ही करोळिया, म्हणजे कोळी, आणि काकांना ब्रह्मांड सापडलं. मुंडकोपनिषद! कोळी स्वतःतून जाळं काढतो आणि स्वतःत ओढून घेतो, तसं अक्षरब्रह्मातून विश्व! कँटनच्या कारागिराला हे ठाऊक होतं! त्यांचा आवाज चढला, भिंग थरथरलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कानाचं यंत्र नीट बसवत म्हणाल्या, “पण ते फूल हाय. पाकळ्या पायासारख्या दिसतात, म्हणून आमी करोळिया म्हणतो.”

परतीच्या लोकलमध्ये काका फार बोलले नाहीत. कुर्ल्याच्या आसपास एवढंच म्हणाले, “फुलात कोळी दिसणं, हीही माया.”

पंजाबच्या फुलकारीवर सध्या त्यांचा रोष आहे. जाड खादीवर न पिळलेल्या रेशमी धाग्याने, उलट्या बाजूने, दोरे मोजत भरलेलं इतकं देखणं काम, आणि नावं काय तर मिरची बाग, काकडी बाग. सैंची फुलकारीत तर आगगाडीसुद्धा असते. आगगाडी म्हणजे आत्म्याचा प्रवास, असं त्यांनी करून पाहिलं, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. एका गोष्टीत मात्र त्यांची बाजू पक्की आहे. सोनेरी बागेत मधेच एखादं वेगळ्याच रंगाचं फूल दिसतं, ती नजर लागू नये म्हणून मुद्दाम सोडलेली खूण. काकू म्हणतात, दोरा संपल्यावरही असंच दिसतं.

गेल्या महिन्यात हस्तकलेच्या प्रदर्शनात काका एका गाळ्यापाशी थांबले. कसुतीच्या प्रत्येक ओढणीला एक छापील चिठ्ठी बांधली होती: हत्ती, समृद्धीचं प्रतीक. चिठ्ठीवाली ओढणी बिनचिठ्ठीवालीपेक्षा चारशे रुपयांनी महाग. काकूंनी दोन्ही उलटून टाके बघितले. एकाच हाताचे होते. काकांना किंमत दिसलीच नाही. त्यांनी पेन काढून विक्रेत्याला सुनावलं, की हा अर्थ वरवरचा आहे, अष्टदिग्गज राहिलेत, गजलक्ष्मी राहिलीय, अंबारीचा तर उल्लेखच नाही. विक्रेता तरुण पोरगा होता. त्याने गिऱ्हाइकाला चहा सांगतात तसा काकांना सांगितला, खुर्ची ओढली आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

“लिहा ना काका. हत्तीच्या दहा करा, रथाच्या पाच. आणि त्या हंसांचं काहीतरी जोरदार बघा, हंस अजिबात उठत नाहीयेत.”