काळी पिशवी

रामनवमी ते चैत्री पौर्णिमा अर्धा खान्देश सप्तशृंगगडाच्या वाटेवर असतो. सामान म्हणजे एक पिशवी, एक चादर आणि पायांना चोळायला तेल. मी मात्र पुण्याच्या भाच्याला विचारलं. तो पडला ट्रेकर. म्हणाला, "मामा, बिव्ही बॅग घ्या. तंबूची कटकट नाही. आत शिरायचं, चेन ओढायची, झोपायचं."

जळगावच्या गोलाणी मार्केटात बिव्ही बॅग मागितली, तर "मॉडेल कोणतं?" म्हणत दुकानदाराने मोबाइलची कव्हरं पुढे केली. एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला आलो. पाच कंदील भागातल्या एका ताडपत्रीवाल्याने मात्र मन लावून ऐकलं.

"कांद्यावर टाकायची का मक्यावर?"

"माणसावर."

त्याने कॅल्क्युलेटर बाजूला सारला आणि आवाज उतरवून विचारलं, "कधी झालं?"

शेवटी भाच्यानेच कुरिअरने धाडायचं कबूल केलं. फोनवर तासभर व्याख्यान झालं. कापड पाणी आत घेत नाही, पण अंगाची वाफ बाहेर सोडतं. तोंडाशी डासांची जाळी हवीच, ती घ्या. जाळीवाली महाग होती, म्हणून मी बिनजाळीची घेतली. नारिंगी का काळी? काळी. मळत नाही. एवढा विचार करून मी लग्नसुद्धा केलं नव्हतं.

धुळ्याहून संध्याकाळी निघालेली आमची मंडळी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, हायवेच्या कडेला टेकली. शेजारच्या आजींनी जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरली आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी पाय घालून सरपटत आत शिरत होतो.

"माणूस शे का गव्हानं पोतं?" आजी म्हणाल्या.

डास आले, म्हणून डोक्यापर्यंत चेन ओढली. आता, वाफ बाहेर जाते हे अगदी खरं. पण ती जाते तिच्या सवडीने. आल्प्सच्या कड्यावर कुडकुडणाऱ्याला तेवढं पुरतं. दिवसभर 42 अंशांत भाजून निघालेली धुळ्याची जमीन रात्री खालून शेक देते, आणि खान्देशी माणूस वाफेवर थांबत नाही, थेट घामाच्या धारांवर येतो. त्या धारा बाहेर सोडणारं कापड अजून निघायचंय. मध्यरात्रीपर्यंत माझी उकडलेली शेंग झाली होती. चेन उघडावी म्हटलं, तर कापडात अडकलेली. हात मांडीपाशी, चेन डोक्यापाशी. थकून पडलो तसाच.

पहाटे तीनला मागून दुसरी मंडळी आली. डीजे जवळ आला आणि बंद पडला. आमच्याकडे डीजे आपणहून थांबतो, तो एकाच कारणासाठी.

"काय व्हयनं भो?"

"ऊन लागनं व्हई."

कुणीतरी पायाशी वाकल्याचं जाणवलं. उदबत्तीचा वास आला. आता गप्प राहणं बरं नव्हे, म्हणून मी उठून बसलो आणि आतूनच ओरडलो, "अहो, मी आहे!"

पुढचं मला फक्त ऐकू आलं. सुरुवातीला एका चपलेचा आवाज, नंतर सगळ्यांच्याच चपलांचा.

आजींनी दातांनी चेन सोडवली. बाहेर पाहिलं तर हळदीकुंकवाची पुडी, एक फुटका नारळ आणि दहाची नोट. परत करावी म्हणून हाका मारल्या, पण दिवसभर पाय दुखतात म्हणून कण्हणारी ती माणसं केव्हाच आर्वीच्या पुढे गेली होती.