ड्राइव्हवेवरचे दर्यासारंग

परदेशातल्या मराठी मंडळात एक ढोलवाला असतो, एक बटाटेवडेवाला असतो आणि चेसापीक उपसागर जवळ असेल तर एक बोटवालाही असतो. आमच्या बोटवाल्यांना आम्ही ‘दर्यासारंग’ म्हणतो. जन्म सदाशिव पेठेतला; लहानपणी पाहिलेला समुद्र म्हणजे खडकवासला. आता मुक्काम अ‍ॅनापोलिसला. अमेरिकेची नौदल अकादमी 1845 मध्ये याच गावात सुरू झाली, त्यामुळे आपण योग्य ठिकाणी आलो याबद्दल त्यांना शंका नाही.

त्यांची शिडाची बोट बावीस फुटी, फायबरची. चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. तेव्हापासून ती ड्राइव्हवेत ट्रेलरवर आणि वहिनींची गाडी रस्त्यावर. पावसाचं सोडलं तर बोटीला अजून पाणी लागलेलं नाही.

यंदा तिला रबरेल हवी होती. “रबर कुठून आणणार?” मी विचारलं.

“रबर नाही रे, रब! घासणं! बोटीच्या कडेनं लाकडी पट्टी. धक्क्याला लागलं तर लाकूड झिजावं, बोट नाही.”

लाकूड व्हाइट ओक. साग का नाही, यावर वीस मिनिटं: साग तेलकट, अ‍ॅसिटोननं पुसल्याशिवाय चिकटत नाही, आणि वाफेवर ओकाइतका वाकत नाही. वाफेचा हिशेब इंचाला तास. पट्टी पाऊण इंची म्हणून पाऊण तास. गॅरेजात लांबलचक पेटी, टोकाला वॉलपेपर सोलायचं वाफयंत्र.

“माझे मोदक पंधरा मिनिटांत होतात,” वहिनी म्हणाल्या.

“मोदक वाकवायचा नसतो.”

जेवायला म्हणून बोलावलेले आम्ही सहाजण हातमोजे घालून ओळीनं उभे. पेटीतून निघालेली पट्टी मिनिटभर शहाण्यासारखी ऐकते, मग अडून बसते. “पळा! क्लँप! आधी नाक!” एक निवृत्त मेंदूतज्ज्ञ गुडघ्यानं ओक दाबत होते. मागं काळं सीलंट. ते माझ्या कुडत्याला अजून आहे. मग स्क्रू, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच, आणि बुचाच्या रेषा पट्टीच्या रेषांना समांतर. एक बूच आडवं बसलं, तर दर्यासारंगांनी ते छिन्नीनं उकरून नवं ठोकलं. तोवर मसालेभात गार. पुढे वॉर्निशचे आठ हात, दर दोन हातांमध्ये सँडपेपर.

महिन्याभरानं फोन आला. आवाज थरथरत होता. धावत गेलो. कचऱ्याचा डबा ढकलताना वहिनींच्या हातून तो बोटीवर आपटला होता. पट्टीवर बोटभर ओरखडा. दर्यासारंग त्यावरून अंगठा फिरवत होते.

“बघितलंस? पट्टी नसती तर थेट बोटीला लागला असता!”