राजाला खांदेकरी मिळेना

कडुनिंब पाडायचा असेल तर हिंगण्यात पदरचा पैसा जात नाही. परवानगीचा कागद हातात आला की सरपणवाला स्वतःची कुऱ्हाड, स्वतःचा दोर आणि स्वतःची माणसं घेऊन येतो, झाड पाडतो, पालापाचोळा झाडून नेतो आणि निघताना चार पैसे आपल्याच हातावर ठेवतो. आंब्याचंही तसंच. माझ्या अंगणात मात्र रॉयल पाम होता.

होता म्हणजे मीच लावला होता, कुणाची सक्ती नव्हती. घर बांधलं तेव्हा मी एमआयडीसीत नोकरीला होतो. तिथल्या एका कंपनीत फाटकापासून साहेबांच्या केबिनपर्यंत दुतर्फा हे गुळगुळीत पांढरट खांब उभे होते आणि मधून साहेबांची गाडी जायची. माझ्याकडे गाडी नव्हती, केबिन नव्हती. त्या सगळ्या थाटातलं झाड तेवढं मला परवडत होतं. ही म्हणाली, "लिंबू लावा, उन्हाळ्यात सरबताला तरी होईल." मी म्हणालो, लिंबू काय, कुणाच्याही घरी असतो.

पाम वाढला. त्याला सावली म्हणावी अशी नव्हती, फळ खाण्याजोगं नव्हतं आणि फांदीच नसल्यामुळे नातवंडांना झोका बांधायची सोय नव्हती. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कूलरच्या टाकीआधी मी पामच्या बुडाशी पाइप धरायचो. घरातली माणसं घामानं चिंब आणि क्युबाचा राष्ट्रवृक्ष गारेगार. हो, तो क्युबाचा राष्ट्रवृक्ष आहे. त्याच्या प्रजातीचं रॉयस्टोनिया हे नाव रॉय स्टोन नावाच्या एका अमेरिकी लष्करी अभियंत्यावरून पडलं, हेही मी घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी सांगायचो. कुणी वय विचारलं की "पंचवीसेक वर्षं तर सहज" असं ठोकून द्यायचो. म्हाताऱ्या झाडाच्या मालकाला जरा भारदस्तपणा येतो.

"याला छाटायची कटकट नाही साहेब, झावळी पिकली की आपसूक गळते," असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं आणि ते शंभर टक्के खरं निघालं. झावळी दोन माणसांच्या उंचीची असते आणि ती घरापेक्षा उंचावरून गळते, हा तपशील त्यानं माझ्या कल्पनाशक्तीवर सोडला होता. पहिली पत्र्याच्या शेडवर पडली त्या रात्री मी चोर चोर म्हणून ओरडलो आणि गल्ली जागी केली. पुढच्या एकीनं स्कूटरचा आरसा नेला. मग घरातून निघताना आम्ही सगळे आधी मान वर करून पाहायला लागलो. नव्या पाहुण्यांना ते देवदर्शन वाटायचं. तेही हात जोडायचे.

तरी मी हटलो नसतो. पण शेजारच्या काकाजींनी सूर्यघर योजनेतून छतावर सोलर पॅनेल बसवले आणि त्या दिवसापासून ते गच्चीवर खुर्ची टाकून माझ्या झाडाकडे पाहत बसू लागले. बोलत काही नसत. आमच्याकडचा माणूस बोलायचा थांबला की प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजावं. निदान शेंडा उतरवून घ्यावा असा मी विचार केला, तर कळलं की पामला वाढीचा कोंब एकच, तो शेंड्यात. तो गेला की झाड उभ्या उभ्या मरतं. म्हणजे अर्धवट काही नाही. राहिला तर पूर्ण, गेला तर पूर्ण.

आता परवानगी. नागरी भागात झाड तोडायचं तर 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यात मोठी गंमत आहे: तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावून द्यायची. अर्जातला वयाचा रकाना पाहिला आणि माझी सगळी मिजास तिथल्या तिथे उतरली. पंचवीस वर्षांचा जुना राजवृक्ष एका दमात अकरा-बारा वर्षांचा झाला. वर मी वनस्पतिशास्त्रही पाजळलं. पाम एकदल, भाताच्या आणि बांबूच्या गोतातला, त्याच्या खोडात वर्षाला एक अशी वलयं पडत नाहीत, तेव्हा कापूनसुद्धा वय कळायचं नाही. टेबलापलीकडचे गृहस्थ फार सभ्य होते. "जुना एखादा फोटो असेल ना घरी?" एवढंच म्हणाले. मी नाही म्हणणार, तेवढ्यात सोबत आलेल्या हिनं पर्स उघडली. वास्तुशांतीचा फोटो. मी सोवळ्यात, शेजारी गुडघाभर पाम आणि कोपऱ्यात कॅमेऱ्यानं लाल अक्षरांत उमटवलेलं 2006. हिशेब एकोणीस झाडांवर आला. लिंबाच्या सरबताचा सूड इतकी वर्षं जपून ठेवता येतो हे मला माहीत नव्हतं.

सरपणवाल्याला बोलावलं. त्यानं खोडावर कुऱ्हाडीचा दांडा वाजवून पाहिला.

"हे झाड नाई जी. वाढेल गवत हाये हे."

शास्त्र त्याच्याच बाजूनं होतं, त्यामुळे वाद घालता येईना. पामचं खोड म्हणजे बाहेर टणक साल आणि आत पाण्यानं भिजलेले दोरे. चुलीत घातलं तर धूर, फळी काढू म्हटलं तर भुसा. मी शेवटचा डाव टाकला. क्युबात याच्या खोडाच्या फळ्यांनी घरं बांधतात, झावळ्यांनी छप्पर शाकारतात, फळं डुकरांना घालतात.

"मंग तिकडंच धाडा ना जी," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

शेवटी एमआयडीसीतून हायड्रा क्रेन आणावी लागली. ज्या थाटासाठी झाड लावलं तो थाट त्या दिवशी पुरेपूर झाला. विजेची लाइन बंद, गल्ली बंद, पोट्टे शाळेला दांडी मारून कंपाउंडवर आणि काकाजी गच्चीवर टोपी घालून. चेनसॉच्या दातांत दोरे अडकायचे, मशीन घरघरून बंद पडायचं, ऑपरेटर माझ्याकडे पाहायचा. तासाचं भाडं चालू असल्यामुळे मीही त्याच्याकडे अजिजीनं पाहायचो. पामचा एकेक तुकडा हुकाला लटकून अंगणात उतरत होता आणि दर तुकड्यागणिक मला वाटत होतं की कडुनिंबवाले लोक आत्ता पैसे मोजत असतील.

तुकडे कुणी नेईना. आरागिरणीनं फोनवरच नाही म्हटलं. गल्लीतल्या बकऱ्यांनी वास घेऊन तोंड फिरवलं. ते बसायला छान होतील म्हणून मी दोन ओट्यापाशी मांडले, तर पावसाळ्यात त्यांतून कुजका वास येऊ लागला. भाड्याचा ट्रॅक्टर लावून ते हलवले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मी कचरा वाहून नेण्यासाठी उसनवारी केली.

राहिली एकोणीस झाडं. आमच्या अंगणात चार लावली तरी कपडे वाळत घालायला जागा उरली नसती. म्हणून मामेसासऱ्यांना फोन केला. त्यांची संत्र्याची वाडी आहे. धुऱ्यावर लावतो म्हणाले, काही हरकत नाही. कोणती रोपं आणू, असं मी अदबीनं विचारलं. तिकडे थोडा वेळ शांतता. पामची कथा त्यांच्यापर्यंत अर्थातच पोचली होती, आणि कोणाकडून, हे विचारायची मला गरज नव्हती.

"जावईबापू," ते म्हणाले, "फळ येते असं आणा. नाही मिळालं, तर निदान जळते असं तरी आणा जी."