गुडघाभर इतिहास

महाराष्ट्राला मुंबईतली हिंदमाता कळते ती पावसाळ्यात, टीव्हीवर. बातमीदार एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माईक घेऊन पाण्यात उभा असतो, त्याच्या मागे दोन पोरं हात हलवत असतात आणि खालच्या पट्टीत ‘हिंदमाता जलमय’ असं सरकत असतं. लगेच गावाहून मावशीचा फोन येतो, “अरे, बुडालात का रे?” आम्ही नायगावात तिसऱ्या मजल्यावर चहा पीत असतो. पण ‘नाही’ म्हटलं की मावशीचा हिरमोड होतो. म्हणून ‘थोडेसे’ म्हणतो.

इतर गावांची जत्रा तिथीवर भरते, आमची भरतीवर. दोष पाण्याचा नाही. इथली जमीनच बशीसारखी, चहूकडचं वाहून इथे जमतं. अठराव्या शतकात तर वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून समुद्रच आत शिरायचा आणि मुंबईच्या सखल भागात खुशाल लोळायचा. विल्यम हॉर्नबी नावाच्या गव्हर्नराने बांध घालून ती वाट बंद केली. लंडनच्या कंपनी साहेबांची परवानगी येईपर्यंत तो थांबला नाही, असं सांगतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. गव्हर्नर म्हणून परळच्या बंगल्यात राहायला आलेला हा पहिला गृहस्थ. पाणी तुंबायचं थांबवायचं असेल तर मोठ्या साहेबाला सखल भागाजवळ घर द्यावं, हा धडा तेव्हापासून उपलब्ध आहे. समुद्र बाहेर राहिला. पावसाला मात्र कोणी कळवलं नाही.

पुढे शंभरेक वर्षं परळ हा गव्हर्नरांचा पत्ता होता. 1882 साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या आणि त्यानंतर साहेबांचं बस्तान मलबार हिलकडे हललं. प्रसंग दुःखाचा, त्यावर हसू नये. पण परळ सोडून दुसरीकडे घर बघायची रीत पडली ती इथून, एवढं नोंदवायला हरकत नाही. 1982 च्या संपानंतर गिरणी कामगारांनीही घरं बघितली. ती विरार-डोंबिवलीला मिळाली, एवढाच फरक.

साहेबांनी सोडलेल्या बंगल्यात 1899 साली वाल्डेमार हाफकिन आपली प्लेगची प्रयोगशाळा घेऊन आला. जन्म ओडेसाचा, कर्मभूमी आमचं परळ. प्लेगची लस तयार झाली तेव्हा 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. आमच्या चाळीत नळाला गढूळ पाणी आलं तर आधी शेजाऱ्याला पिऊन बघायला सांगतात. त्यामुळे हाफकिन किती थोर, हे आम्हाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

त्याच प्लेगच्या धास्तीतून 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशा चाळीत, परदेशातल्या शिक्षणाची वर्षं सोडली तर, साधारण 1912 पासून 1934 पर्यंत बाबासाहेब आंबेडकर राहिले. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरात त्यांचा मुक्काम होता 1921-22 च्या सुमारास. त्या घरावर निळी पाटी आहे, 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते विकतही घेतलं. चांगलंच केलं. पण त्यांची उमेदीची वर्षं गेली ती परळच्या दोन खोल्यांत. शाहू महाराज स्वतः त्यांना भेटायला चाळीत आले होते. एवढ्या गोंगाटात हा माणूस ग्रंथ वाचत होता, याचं मोल कळायला चाळीतच राहावं लागतं. मी वर्तमानपत्राचा अग्रलेख उघडला तरी कोणीतरी वाटी घेऊन दारात उभं असतं. पुढे पुस्तकांना जागा पुरेना म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. आमच्याकडे जागा पुरेनाशी झाली की पुस्तकं रद्दीत जातात. महापुरुष आणि शेजारी यांतला फरक एवढाच, पण तो भरून निघत नाही.

आता साड्यांकडे येतो, कारण हिंदमाताला आल्यावर साड्यांकडे न येता परत गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, तेव्हाच्या दादर मेन रोडवर, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव केली. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी अण्णा साळुंके त्यांनी हेरला. हॉटेलात दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. 1913 साली पडद्यावर झळकलेली ही तारामती म्हणजे आमच्या भागाची साडी खरेदीतली पहिली कामगिरी. आज इथल्या दुकानांत नवऱ्याच्या खांद्यावर पदर टाकून “अहो, जरा उभे राहा ना” म्हणणाऱ्या बायका नकळत फाळक्यांचीच परंपरा चालवतात. मीही उभा राहिलो आहे. पंधरा रुपये कोणी दिले नाहीत.

सिनेमाचं हे वारं पुढे नायगावच्या चाळीत शिरलं. गिरणी कामगाराच्या घरातला कृष्णा, म्हणजे आपला दादा कोंडके, आधी सेवादलाच्या बँडमध्ये, मग अपना बाजारात नोकरीला, मग ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये आणि 1971 साली ‘सोंगाड्या’ होऊन पडद्यावर गाजला. चाळीच्या गॅलरीत जे बोलल्यावर आई धपाटा घालते तेच थिएटरात बोलल्यावर लोक शिट्ट्या मारतात, हा शोध दादांचा. आमच्या गॅलरीत त्यानंतर अनेक पोरांनी तो प्रयोग केला. त्यांना फक्त धपाटे मिळाले.

आमच्याकडे वस्तू जाते, पत्ता राहतो. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, तरी टॅक्सीवाल्याला दादर ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनसच सांगतात. हिंदमाता हे मूळ थिएटरचं नाव. पण “हिंदमाताला चाललोय” म्हटल्यावर “कोणता सिनेमा?” असं आता कोणी विचारत नाही. “कुणाचं लग्न?” असं विचारतात.

आणि इतिहासात जायचे राहिलेले लोक तर गल्लोगल्ली आहेत. आमच्या तळमजल्यावरचे काका पाणी मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. “दुसऱ्या पायरीला लागलंय, अजून दुकानं बंद करू नका,” एवढंच ते सांगतात आणि वेधशाळेपेक्षा लोक त्यांचं ऐकतात. साडीच्या दुकानातला एक दादा बाहेर पाणी चढत असताना खालच्या फळीवरचा माल माळ्यावर फेकता फेकता, “ताई, हा रंग तुम्हालाच खुलेल,” हेही म्हणू शकतो. आणि टीव्हीवाल्यांना जास्त खोल पाणी कुठे मिळेल ते दाखवणारा एक हौशी मार्गदर्शक आहे. त्याला मानधन नको, फक्त मागे उभं राहू द्यावं लागतं.

अलीकडे मात्र काका उदास असतात. 2021 च्या सुमारास महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाच्या पोटात टाक्या बांधल्या. भरती असेल तेव्हा पाणी तिथे साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. “पूर्वीसारखं पाणी राहिलं नाही,” असं काका म्हणतात तेव्हा ते दुधाबद्दल बोलत असावेत असं वाटतं.

डोक्यावर उड्डाणपूल आहे. त्यावरून गेलं की हॉर्नबी, हाफकिन, बाबासाहेब, तारामती, दादा आणि आमचे काका मिनिटभरात मागे पडतात. दिसते फक्त पुढच्या गाडीची नंबरप्लेट. म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी पुलाखालून या. साडी घ्या, नका घेऊ. भरतीची वेळ तेवढी बघून घरून निघा.